जुनी व्हॅन घेऊन घर केलंत? कुठे सापडली?

पत्र्याचं_घर
काल ताडपत्रीखाली झाकलेली एक व्हॅन दिसली. वाऱ्याने कोपरा उडाला होता, तेवढ्यातून एक गोल दिवा बघत होता. पाय तिथेच थांबले. आमचीही अशीच सापडली होती, एका गोदामामागे, चाकं अर्धी मातीत आणि आत मांजर व्यालेली. मालक म्हणाला, पिल्लं हलली की घेऊन जा. तीन आठवडे रोज जायचो पिल्लं बघायला. बघायला हवा होता पत्रा! ताबा मिळाल्यावर मॅट उचलली तर खाली जमीन. खरोखरची, गवतासकट. समोरच्या काचेचं रबर सुकलेलं, तिथून वर्षानुवर्षं पाणी झिरपून चालकाच्या पायाखालचं सगळं खाल्लेलं. दाराखालच्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानीसुद्धा. पाच महिने नुसतं कापणं आणि वेल्डिंग, पलंगाचं नावच नाही. तरी विकली त्या दिवशी जेवण गेलं नाही.
तुमचे अनुभव लिहा. सापडली नसेल तरी लिहा.

रविवारचा_मिस्त्री
छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून खिशात ठेवायचं. पत्र्यावर फिरवा, जिथे पकड सुटते तिथे पुटी भरलीय. (छप्पर फायबरचं असेल तर उगाच घाबरू नका, मी घाबरलो होतो.) आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात. गरम लागलं तर समजा तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलीय. थंड इंजिन कसं उठतं ते बघायलाच तर आपण जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट आणि थांबतच नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता.

निवांत
मांजराचं काय झालं पण?

पत्र्याचं_घर
आई गेली निघून. एक पिल्लू आमच्याकडे राहिलं. नाव क्लच.

झिपरी
क्लच!! हसून हसून पुरेवाट

जुनी_चाकं
गोल दिवा म्हणजे फोक्सवॅगन टाइप २ तर नव्हे? १९५० पासून बनायची, इंजिन मागे, हवेने थंड होणारं. जर्मनीत १९६७ पर्यंत समोरची काच दोन तुकड्यांची. वेस्टफालिया ही जर्मन कंपनी, तिथले लोक १९५१ पासून तिच्यात झोपायची सोय करून द्यायला लागले. तसली असेल तर झोप उडेल माझी.

पत्र्याचं_घर
नाही हो, साधी मालवाहू दिसतेय. गोल दिवे तेव्हा कितीतरी गाड्यांना असायचे. झोपा तुम्ही.

सोनचाफी
आमची जुनी रुग्णवाहिका. ह्यांनी न विचारता आणली, मी दोन दिवस बोलले नाही. पण छप्पर उंच, आत ताठ उभं राहून केस विंचरता येतात, हे सुख ज्यांनी वाकून वाकून कपडे बदललेत त्यांनाच कळेल. रंग बदलला, सायरन काढला, तरी सुरुवातीला लोक वाट द्यायचे आणि आम्ही आत आरामात गाणी ऐकत. फार अपराधी वाटायचं. बाकीचं कपडे वाळत घालून लिहिते.

गारठलेली
पहिल्याच थंडीत पहाटे तोंडावर थेंब. वाटलं छप्पर गळतंय. नवऱ्याला उठवून भांडले, त्यानेच सील केलं होतं. पाऊस कुठे पडतोय! रात्रभराचा आमचाच श्वास थंड पत्र्यावर जमून टपकत होता. ऊब जाऊ नये म्हणून सगळ्या फटी बुजवल्या आणि हवा बाहेर जायला वाटच ठेवली नाही, आमचं शहाणपण. आता छपरात पंखा, समोरची खिडकी बोटभर उघडी. आत शेगडी पेटवणाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, त्या वायूला वास नसतो.

रविवारचा_मिस्त्री
+१. आणि टायरची नक्षी बघून फसू नका, वय बघा. कडेला चार आकडी कोड असतो, ३२१४ म्हणजे २०१४ चा ३२वा आठवडा.

वॉटवाला
आतल्या दिव्या-पंख्यांची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची असेल तर म्हणजे १२०० वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरा, नाहीतर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट ८०–९० टक्के देते. मी आधी बॅटरी घेतली. व्हॅन अजून नाही. आत्ता तिच्यावर वायफाय चालतंय.

झिपरी
वॉटवाला, तुझी बायको वाचतेय का हे?

अजून_शोधतोय
चार वर्षांत अकरा बघितल्या. शेवटची अशी देखणी की घरी यायच्या आधीच मनात पडद्यांचे रंग ठरले. मग खाली वाकून चासी नंबर बघितला. गाडीभर जुना रंग आणि तेवढ्या पट्टीवरच ताजा. विचारलं तर म्हणे कागद मावशीकडे आहेत. मावशी कुठे? प्रवासात. निघालो. सगळी वाट वाईट वाटत होतं, अजूनही कधी कधी वाटतं.

सोनचाफी
आले. अरे देवा, मावशी!
हां, तर वजनाचं राहिलं. ह्यांनी जाड प्लायची कपाटं ठोकली, त्यात ६० लिटरची पाण्याची टाकी. टाकी भरली की तेवढंच ६० किलो, तेही सगळं एकाच बाजूला. गाडी लंगडत चालायची. कपाटं निघाली, आता कापडी कप्पे आहेत. हे अजून म्हणतात कपाटं छान होती.

पत्र्याचं_घर
आज त्या ताडपत्रीच्या दोरीला चिठ्ठी बांधून आलो. चुंबक नेलं होतं, पण मालकाला न विचारता कसं लावणार. घरी अजून बोललो नाहीये.

निवांत
आत मांजर आहे का बघितलं?

पत्र्याचं_घर
ताडपत्री घट्ट आहे. पण खाली पंजे उमटलेत धुळीत.