शुगर असलेल्या सासऱ्यांसाठी साच्यातली फ्रूट जेली: गूळ चालेल का?

राजारामपुरीची_सून:
मामांची (सासऱ्यांची) पंचाहत्तरी आहे. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. सगळे केक खाणार आणि ते नुसते बघत बसणार, हे मला पटत नाही. आत फळं दिसतील अशी साच्यातली जेली करायची आहे. घर शाकाहारी, म्हणून जिलेटीन नको. अननस घातला तर जमते का? साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ चालेल ना?

रंकाळ्याची_मावशी:
गूळ नको गं. आपला गूळ कितीही नावाजलेला असू दे, आत उसाचीच साखर आहे, शुगर वाढणारच. मधाचंही तेच.

जिलेटीनऐवजी चायना ग्रास आण, लक्ष्मीपुरीत किराणा दुकानात विचार. समुद्री शेवाळापासून करतात. १० ग्रॅम पट्ट्या कापून ६०० मिली पाण्यात भिजव, मग मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळ आणि गाळून घे. लिंबू गॅस बंद केल्यावरच पीळ. आंबट घालून उकळलं तर नीट घट्ट होत नाही.

न शिजवलेल्या अननसातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं, म्हणून जिलेटीनची जेली जमत नाही. चायना ग्रास प्रथिन नाही, त्यात अननस बिनधास्त घाल, पण बेतानं. पेरू जास्त घे, त्यात चोथा भरपूर. रस मात्र ओतू नकोस, चोथा गेला की साखर भरभर चढते.

फळं फ्रीजमधली गार नकोत, मिश्रण लगेच गोळा होतं. आधी साच्यात पातळ थर दे, तो वरून चिकट असतानाच फळं मांड, मग उरलेलं कोमट मिश्रण ओत.

शाहूपुरीकर_काका:
मी स्वतः इन्सुलिनवर आहे. फळांची साखरही धरावीच लागते, तेव्हा जेवणात भात-पोळी थोडी कमी वाढा. आणि एक विनंती, तीच जेली सगळ्यांना द्या. माझ्यापुढं वेगळी वाटी आली की मला घास उतरत नाही.

राजारामपुरीची_सून:
काका, सगळ्यांना हीच करते. मावशी, घरात एस्पार्टेमच्या (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात त्या) गोळ्या आहेत, उकळताना टाकू?

रंकाळ्याची_मावशी:
उकळताना नको, गोडी जाते. गॅस बंद करून वाफ जरा निवली की विरघळव, पण फार थांबू नकोस, ४० अंशांच्या आसपास मिश्रण घट्ट व्हायला लागतं. साचा आधी पाण्यानं ओला कर, कडेनं बोट फिरवलंस की जेली अख्खी सुटेल.