मदत हवी आहे: गाडी बॉर्डरवर अडकली, एजंट फोन उचलत नाही

बारा_टायर
माझी गाडी बॉर्डरवर उभी आहे. पुढे सोडत नाहीत आणि मागे फिरवता येत नाही, कारण मालाची कस्टममध्ये नोंद झालीय. माल तळोज्याच्या पार्टीचा, भाडं कळंबोलीतल्या एका बुकिंग ऑफिसकडून घेतलेलं. बुकिंगवाला म्हणतो पार्टीला विचार. पार्टी म्हणते तिकडच्या एजंटला विचार. एजंट फोनच उचलत नाही. ड्रायव्हर रोज सकाळी गेटवर जातो आणि 'पेपर मॅच नहीं हो रहा' ऐकून परत येतो. कुठला पेपर, कशाशी मॅच होत नाही, कोणी सांगायला तयार नाही.

कोणाच्या ओळखीत तिकडचा एजंट असेल तर सांगा. नाहीतर तक्रार कुठे करायची ते तरी सांगा. बँकेचा हप्ता काही थांबत नाही. 'बॉर्डरचं भाडं घेतलंच कशाला' असले सल्ले कृपया नकोत.

निवांत_वाशी
कोणती बॉर्डर?

घाटमाथा
पेट्रापोल असणार, बंगालमधली बांगलादेशची बॉर्डर, दुसरं काय. आमच्या गाड्या नाशिकचा कांदा घेऊन तिकडे जायच्या, म्हणून अनुभवाने सांगतो. पूर्वी बनगावच्या पार्किंगमध्ये गाड्या दिवसेंदिवस सडायच्या, वरून पार्किंगचं भाडं. २०२२ पासून बंगाल सरकारने ऑनलाइन स्लॉट सुरू केलेत, 'सुविधा' नावाचं पोर्टल आहे. स्लॉट नसेल तर गेटवर उभं राहून उपयोग नाही. पुढे पलीकडे बेनापोलला गेलात तरी ड्रायव्हरला यार्डाच्या बाहेर पाय टाकता येत नाही. तिथेच शिजवायचं, तिथेच झोपायचं, माल खाली झाला की परत. तर आधी स्लॉट बघा.

जकातनाका
घाटमाथा, त्यांनी पेट्रापोलचं नावही घेतलेलं नाही.

बारा टायर, आधी हे सांगा: ठिकाण कोणतं, माल कोणता, गाडी आपल्या बाजूला आहे की पलीकडे, बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, दाखल झालंय का, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर न्यायची कस्टमची परवानगी, मिळाली का. न्हावा शेव्याला सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात माझं आयुष्य गेलंय. 'पेपर मॅच होत नाही' याचे पन्नास अर्थ होतात.

बारा_टायर
रक्सौल. नेपाळ म्हटलं ना. प्लास्टिक दाणा आहे, २५ किलोच्या गोण्या, वीरगंजला खाली करायचा. गाडी आपल्याच बाजूला आहे. बाकीचे कागद पार्टीने केलेत, मी गाडीमालक आहे, मला त्यातलं काय विचारता?

निवांत_वाशी
नेपाळ कुठे म्हटलंत? वर जाऊन बघा. असो.

सानपाडा_एक्सप्रेस
अरे वा, नेपाळ! आम्ही स्वतःची गाडी घेऊन गेलो होतो, गोरखपूर, सुनौली, भैरहवा करत. अजिबात घाबरू नका, व्हिसा लागत नाही. बॉर्डरवर भन्सार भरायचा, म्हणजे त्यांचं कस्टम, आणि यातायातचा परवाना घ्यायचा. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दंड. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आपल्या १०० रुपयांचे त्यांचे १६० होतात, हा दर १९९३ पासून तोच आहे. आणि मुक्तिनाथ चुकवू नका.

बारा_टायर
साहेब, बारा टायरची गाडी मुक्तिनाथला नेऊन काय करू?

रबाळेची_ताई
भाऊ, ड्रायव्हर कसा आहे ते कोणीच विचारलं नाही. माझा धाकटा भाऊ याच लाइनवर चालतो म्हणून सांगते. गाडी सोडून कुठे जाता येत नाही. गेला की डिझेल, बॅटरी, ताडपत्री यातलं काहीतरी गायब. त्यामुळे तो गाडीखालीच जेवतो आणि आंघोळीलाही आळीपाळीने जावं लागतं. क्लीनर सोबत नसेल तर तेही नाही. भत्ता तुम्ही निघतानाच दिलेला असणार, तो कधीच संपला असेल. ड्रायव्हर मालकाला सांगत नाहीत, शेजारच्या गाडीवाल्याकडून उसने घेतात आणि मग भाडं झालं की भांडण होतं. त्याच्या खात्यात आजच पैसे टाका.

पलीकडे पाठवणार असाल तर शंभराच्या नोटा द्या. नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात शंभरच्या वरच्या आपल्या नोटा बंद केल्या होत्या. नंतर नियम सैल झाले म्हणतात, पण टपरीवाला पाचशेची नोट बघून मान हलवतो ती हलवतोच. दुकानात फोनपेचा क्यूआर असेल तर आपलं यूपीआय चालतं, २०२४ पासून. त्यासाठी मोबाइल चालू हवा, आणि आपलं सिम थोडं आत गेलं की मुकं होतं. रोमिंग आधी चालू करून घ्या.

ओळखपत्र कोणतं आहे त्याच्याकडे? नुसतं आधार असेल तर आपल्या सरकारच्या नियमात ते चालत नाही. मतदार कार्ड नाहीतर पासपोर्ट लागतो. बऱ्याचदा बघत नाहीत, पण बॉर्डरवरच्या एसएसबी दलाचा जवान बघायला बसला तर बघतोच.

बारा_टायर
ताई, पैसे टाकले. मतदार कार्ड गावी बीडला आहे, घरच्यांना कुरिअर करायला सांगितलं. पण गाडी त्यासाठी अडलेली नाही हो.

तिसरी_मुंबई
मूळ प्रश्न असा की एवढा माल रस्त्याने पाठवायचाच का? कळंबोलीहून रक्सौल अठराशे किलोमीटरच्या वर आहे. वीरगंजजवळ सिरसियाला ड्राय पोर्ट आहे, रेल्वेचा रूळ थेट आत जातो. कंटेनरमध्ये भरा, सील करा, विसरा. ट्रकवाल्यांनी आता अंतर्मुख व्हायला हवं.

जकातनाका
अंतर्मुख कशाला, गाडी गेटवर उभी आहे. सिरसियाला जाणारे कंटेनर बहुतेक कोलकाता, हल्दिया, विशाखापट्टणमहून जातात, आणि तो असतो तिसऱ्या देशातून नेपाळला जाणारा माल. तळोज्याच्या कारखान्याला एक गाडीभर दाणा पाठवायचा असेल तर तो ट्रकच बघणार. इथे तो मुद्दाच नाही.

बारा टायर, पार्टीकडून इनव्हॉइस, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) आणि बिल ऑफ एक्स्पोर्टचे फोटो मागवा. त्यातला गाडी नंबर, गोण्यांची संख्या आणि वजन काट्याच्या पावतीशी लावून बघा. एकेक आकडा. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, तोही बघा, २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने संपलं असेल.

घाटमाथा
एवढं काही लागत नाही. गेटवर जो कोणी असेल त्याला चहापाणी द्या, गाडी जाते. मी बेनापोलला हेच बघितलंय.

जकातनाका
ती वेळ गेली. आपल्याकडे आइसगेट, त्यांच्याकडे आसिकुडा, दोन्ही बाजूला नोंद संगणकात. तुम्ही गेटवरच्या माणसाला शंभर चहा पाजा, त्याला स्क्रीनवरचा नंबर बदलता येत नाही. शिवाय पेट्रापोल आणि रक्सौल एका मापाने मोजू नका. बांगलादेशात आपली गाडी बेनापोलच्या यार्डात खाली होऊन परत येते. नेपाळला तीच गाडी थेट गोदामापर्यंत जाते, काठमांडूलासुद्धा. म्हणून नेपाळच्या कागदावर गाडीचा नंबर फार महत्त्वाचा.

घाटमाथा
आम्हालाही ढाक्यापर्यंत जाता आलं असतं. २०१५ च्या जूनमध्ये थिंपूला चार देशांनी करार केला होता ना, बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ. भूतानने मान्यता दिली नाही आणि घोडं तिथेच अडलं. आता तर काय, बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरून आपल्याकडे येऊच देत नाहीत, २०२५ च्या मेपासून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. म्हणजे तो माल अर्ध्या हिंदुस्थानाला वळसा घालून तुमच्या उरणला येणार.

निवांत_वाशी
आणि उरणच्या रस्त्यावर अजून चार कंटेनर वाढणार. आधीच जासईपासून लाइन असते.

घोडबंदरचा_त्रासलेला
बॉर्डर कशाला पाहिजे? गायमुख घाटात एक ट्रेलर बंद पडू दे, ठाण्यातून बाहेर पडायला पासपोर्ट लागेल असं वाटतं. अवजड वाहनांना दिवसा बंदी केली की ट्रकवाले ओरडतात, नाही केली की आम्ही.

रबाळेची_ताई
दादा, बंदीच्या वेळेत ती गाडी रस्त्याकडेला कुठे उभी करायची, तेही सांगा कधीतरी. नो पार्किंगचं चलन ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापतात.

बारा_टायर
कृपया घोडबंदरसाठी दुसरा धागा काढा.

फोटो आले. गोण्या बरोबर, वजन बरोबर. ई-वे बिल ड्रायव्हरने वेळेत वाढवून घेतलं होतं. इनव्हॉइसवर आणि बिल्टीवर जुन्या गाडीचा नंबर आहे, पण त्याने काय होतं?

जकातनाका
जुनी गाडी म्हणजे?

बारा_टायर
झाशीच्या अलीकडे पहिल्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. माझी दुसरी गाडी कानपूरहून रिकामी येत होती, तिच्यात माल पलटी केला. दोन्ही गाड्या माझ्याच आहेत, मालक तोच, माल तोच. ई-वे बिलात पार्ट बीमध्ये, म्हणजे गाडीच्या भागात, नवा नंबर टाकलेला आहे.

निवांत_वाशी
हे तुम्ही आत्ता सांगताय?

जकातनाका
सापडलं. ई-वे बिल एक नंबर सांगतंय, बिल्टी दुसरा, आणि गेटवर तिसऱ्याने बघितलं तर समोर उभी गाडी बिल्टीवरची नाही. दोन्ही गाड्या तुमच्या आहेत हे कस्टमला कुठून कळणार?

आता घाई करून पुढचं करा. बुकिंग ऑफिसकडून बिल्टीवर माल पलटी केल्याचा शेरा, नवा गाडी नंबर, सही-शिक्का घ्या. नवीन बिल्टी देत असतील तर जुन्या बिल्टीचा क्रमांक तिच्यावर हवाच. पार्टीने लेटरहेडवर पत्र द्यायचं: गाडी कुठे बंद पडली, कोणत्या तारखेला, जुना नंबर, नवा नंबर, गोण्यांमध्ये फरक नाही. गॅरेजचं बिल असेल तर जोडा. हे सगळं रक्सौलला पार्टीचा जो सीएचए आहे त्याच्याकडे जाईल, तो दुरुस्तीचा अर्ज करेल. कस्टम कायद्याचं कलम १४९ त्यासाठीच आहे. अर्ज पार्टीच्या वतीने होतो, गाडीमालकाने गेटवर जाऊन ओरडण्याचा उपयोग नाही. म्हणून तुमचा फोन एजंटवर वाया घालवू नका, पार्टीच्या एक्स्पोर्ट डिपार्टमेंटच्या डोक्यावर बसा. त्यांचं बिल तुमच्यापेक्षा मोठं अडकलंय.

हाच सेट त्याच दिवशी वीरगंजच्या एजंटलाही पाठवा. तो तिकडे प्रज्ञापन पत्र, म्हणजे त्यांच्या कस्टमचा मालाचा फॉर्म, भरतो. त्याने जुन्या नंबरने भरून ठेवलं असेल तर इकडून सुटाल आणि तिकडे पुन्हा तेच. शनिवारी नेपाळला सुट्टी, रविवारी आपल्याकडे, हे धरून चाला. दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, जवळ आलाय, तेव्हा मालाची गर्दी असते आणि सणात ऑफिसं थंडावतात.

रबाळेची_ताई
आणि भाऊ, दुसऱ्या गाडीच्या विम्यात नेपाळ आहे का? आपली पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळ, बांगलादेश, भूतान हवं असेल तर जादा प्रीमियम भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं.

बारा_टायर
पहिल्या गाडीचं केलं होतं.

रबाळेची_ताई
मग या गाडीचंही करून घ्या, विमा कंपनी मेलवर एंडोर्समेंट देते. तिकडे एखाद्या सायकलवाल्याला धक्का लागला तर गाव रस्त्यावर बसतं, आणि ड्रायव्हर पोलिस ठाण्यात. नेपाळचा थर्ड पार्टी विमाही बॉर्डरवर मिळतो, तो घ्यायला सांगा. गाडी आयसीपीतूनच, म्हणजे बॉर्डरच्या मालाच्या चेक पोस्टमधूनच घालायची. बाजारातून मैत्री पुलाकडे जाणारा रस्ता माणसांचा, मालाच्या गाडीचा नाही. नवीन ड्रायव्हर तिकडे घुसतात आणि टांगे-रिक्षांत अडकतात.

जुना_कळंबोली
सध्याच्या लोकांना हे अडकणं वाटतं. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नाकाबंदी होती तेव्हा रक्सौलला गाड्यांच्या रांगा बघायला हव्या होत्या. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तिकडे तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, तेव्हाही गाड्या जिथल्या तिथे उभ्या. निदान तुमचा प्रश्न कागदाचा आहे.

बारा_टायर
काका, बरं वाटलं ऐकून.

जकातनाका, पार्टीच्या ऑफिसात स्वतः जाऊन बसलो. पत्र दिलं. बिल्टीला बुकिंगवाला आधी तयार नव्हता, 'आमचा काय संबंध' म्हणाला, मग त्याच्याच टेबलावरून पार्टीला फोन लावला तेव्हा शिक्का निघाला. रक्सौलचा सीएचए पार्टीचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, माझा नाही. अर्ज गेलाय.

आता सांगा, एवढ्या दिवसांचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, कोण देणार?

घाटमाथा
बिल्टीवर लिहिलंय का? नसेल तर विसरा. आम्हाला कांद्याच्या वेळी एक पैसा मिळाला नाही.

जकातनाका
इतकंही विसरू नका. गेटच्या पार्किंगच्या पावत्या, ड्रायव्हरने पाठवलेले तारखेचे फोटो, पार्टीला केलेले मेसेज सगळं जमा करा आणि बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, मागताना बिलासोबत लावा. पण गाडी तुमची बंद पडली होती हेही ते सांगतील, तेव्हा पूर्ण रक्कम धरून बसू नका. पुढच्या वेळी बिल्टीवर 'इतक्या दिवसांनंतर रोज इतके' असं लिहून घेतल्याशिवाय बॉर्डरचं भाडं उचलू नका.

बारा_टायर
काल दुपारी गाडी आयसीपीत घेतली, आज वीरगंजला खाली होतेय. मतदार कार्ड गेटवर बघितलं, ताई.

रबाळेची_ताई
बघितलं ना? बरं झालं आलं ते.

जकातनाका
परत येताना ड्रायव्हरला सांगा, भन्सारची पावती टाकून देऊ नको, आणि रिकामी गाडी बाहेर पडल्याची नोंद केल्याशिवाय हलू नको. नोंद राहिली तर त्यांच्या हिशोबात गाडी अजून आतच आणि पुढच्या खेपेला दंडाची भाषा सुरू होते. खाली केलेल्या मालाची पोहोचही सही-शिक्क्यासकट घ्यायची, त्याशिवाय बुकिंगवाला बॅलन्स सोडणार नाही.

सानपाडा_एक्सप्रेस
ड्रायव्हर तिकडे आहेच तर परतीच्या वाटेवर गोरखनाथाचं दर्शन करून घेऊ दे. मंदिर गोरखपूर शहरातच आहे, पार्किंगही चांगलं आहे. फक्त बारा टायरला आत सोडतील का ते विचारा.

बारा_टायर
सगळ्यांचे आभार. मोतिहारी, गोरखपूर, बस्ती या साइडने नवी मुंबईचं रिटर्न भाडं कोणाकडे असेल तर लगेच कळवा. गाडी परवापासून रिकामी मिळेल.