प्रतिसाद : 'फॉलोइंग' – नुसती तुकड्यांची करामत नव्हे

वर कुणीतरी म्हटलंय की दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनच्या 'फॉलोइंग' या चित्रपटात (१९९८) काळाचे तुकडे मागेपुढे केलेत, बाकी काही नाही. पटलं नाही. तुकडे सरळ लावले तरी त्यातल्या नायकाचं, त्या बेकार लेखकाचं, वेड तेवढंच अंगावर येतं.

त्याचं वेड म्हणजे लंडनच्या गर्दीत कुणाच्याही मागे लागायचं, तो कुठे जातो ते बघायचं, बस्स. एकाच माणसाचा दोनदा पाठलाग करायचा नाही, हा नियम त्यानेच घातलेला. तो मोडतो आणि कॉब गळ्यात पडतो. सूटबूट घातलेला, गोडबोल्या घरफोड्या. त्याला ऐवजात फारसा रस नाही. लोकांनी जपून ठेवलेला खाजगी डबा शोधून उपडा करायचा, एका घरातली बाईची अंतर्वस्त्रं दुसऱ्या घरातल्या पुरुषाच्या पँटच्या खिशात सारायची, म्हणजे तिथे भांडण पेटलंच पाहिजे! रक्ताचा थेंब नसलेला हा प्रसंग मला सगळ्यात भयंकर वाटतो.

आणि हे सगळं जेमतेम सत्तर मिनिटांत, १६ एमएम कृष्णधवल फिल्मवर, खर्च सुमारे ६००० डॉलर. मंडळी नोकऱ्या करणारी, म्हणून चित्रीकरण शनिवारी, तेही वर्षभर. दिव्यांचा तामझाम परवडणारा नव्हता, त्यामुळे बहुतेक खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्या खोल्या कोंदट वाटतात त्या त्यामुळेच.

चित्रपटातलं सोनेरी केसांच्या बाईचं पात्र मात्र कच्चं लिहिलंय, हे मान्य. शेवट इथे फोडत नाही, पण दुसऱ्यांदा बघताना कॉबच्या पहिल्या भेटीतल्या गप्पा नीट ऐका.