वेताळाच्या चौकटी कोणी कापल्या? जुन्या चित्रपट्ट्यांच्या पुनर्मुद्रणाविषयी

धागाकर्ता: वृत्तपत्रांतील जुन्या चित्रपट्ट्या (कॉमिक स्ट्रिप) पुस्तकरूपाने छापताना त्यांना कात्री लावू नये, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकी लेखक ली फॉक यांचा मुखवटाधारी नायक फँटम १७ फेब्रुवारी १९३६ पासून रोज एका पट्टीने वाचकांच्या भेटीला येऊ लागला. आरंभी कालच्या प्रसंगाची आठवण करून द्यायची आणि शेवटच्या चौकटीत उद्यापर्यंतची उत्सुकता ठेवायची, अशी त्या पट्टीची घडण होती. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्स या भारतीय चित्रकथामालिकेमुळे हा नायक आपल्याकडे वेताळ म्हणून घरोघरी पोहोचला, हे ऋण मी मानतो. परंतु सुरुवातीच्या अंकांत कथेला पाने अपुरी पडत असल्यामुळे कित्येक चौकटी गाळल्या गेल्या, काही कडेने छाटल्या गेल्या आणि कृष्णधवल रेखाटनांवर रंग चढले. काळ्या शाईच्या सपाट छायांतून चित्रकाराने उभी केलेली जंगलातली रात्र त्या रंगांखाली नाहीशी झाली.

प्रतिसाद १: मी पूर्णपणे असहमत आहे. कॉमिक बुक हा प्रकारच मुळी अशा पुनर्मांडणीतून रुजला. १९३४ मध्ये अमेरिकेत 'फेमस फनीज' दहा सेंटांना विक्रीस आले, तेव्हा त्यात रविवारच्या पुरवण्यांतील चित्रकथाच आकार लहान करून छापल्या होत्या. शिवाय रोजची पट्टी चोवीस तासांच्या अंतराने वाचण्यासाठी असते. साठ पट्ट्या सलग वाचणाऱ्याला दर तिसऱ्या चौकटीला तीच उजळणी वाचावी लागली, तर कथेचा वेगच मरतो. अशा वेळी उजळणी गाळणारा संपादक मूळ कथेची सेवाच करत असतो.

प्रतिसाद २: उजळणी गाळणे आणि चित्र छाटणे यांत मी फरक करतो. इंद्रजालने वेताळाच्या देशाचे मूळ नाव बदलून त्याला 'डेंकाली' म्हटले, त्याचे शत्रू असलेल्या 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले. भारतीय वाचकाचा विचार करता हे बदल मला समजतात. मात्र चौकटीची कड कापली की पात्रांमधले अंतर आणि पाहणाऱ्याची जागा बदलते. भाषांतराच्या नावाखाली ते खपवता येणार नाही.

धागाकर्ता: हा फरक मला मान्य आहे, आणि उजळणीबद्दलचा पहिल्या प्रतिसादातील आक्षेपही रास्त आहे. तरीही गाळलेली चौकट कायमची जाते, याचे काय? इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. ज्यांनी वेताळ केवळ त्या अंकांतून वाचला, त्यांना काय गाळले गेले हे कळण्याचा मार्गच नव्हता. म्हणून नव्या संकलनात प्रत्येक पट्टीखाली तिची मूळ तारीख छापावी, एवढी माझी किमान मागणी आहे.

प्रतिसाद १: तारखांना माझा विरोध नाही. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायच्या प्रतीत मी सलग, रंगीत वेताळच निवडेन, कारण मीही त्याच वयात तसाच वाचला होता.