डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आले, एम-थ्रीला (तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताला) केटी लागली, म्हणजे पेपर पुन्हा द्यायचा. क्लास लावू की कॉलेजजवळ राहायला जाऊ?

बदलापूर_एक्सटीसी:

नमस्कार. मी बदलापूरला राहते, एक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज हार्बर लाइनवर, म्हणजे रोज कुर्ल्याला गाडी बदलायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा (८६ टक्के) आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, त्यामुळे आम्ही डिप्लोमावाले वर्गात पोहोचलो तोवर एम-थ्रीतला लाप्लास निम्मा शिकवून झाला होता.

तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागलाय. बाकी सगळे विषय निघाले, डिजिटलमध्ये तर वर्गातल्या वरच्या पाचांत आहे. एम-थ्रीला ८० पैकी १९. आता चौथं सेमिस्टर चालू आहे, एम-फोर समोर आहे आणि एम-थ्री मागे लागलेलं आहे.

वर्गात गणित चालू असताना मला पहिली ओळ कळते, तिसरी कळत नाही. सर म्हणतात, "हे तुम्ही एम-वनमध्ये केलंय," आणि पुढे जातात. आम्ही ते केलेलं नाही. माझं डिप्लोमातलं गणित पहिल्याच वर्षी संपलं होतं, त्यानंतर दोन वर्षं इंटिग्रेशनला हात लावलेला नाही. एकदा विचारलं तर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "डिप्लोमावाले आहेत, सोडा." तेव्हापासून विचारणं बंद केलंय.

घरातून सव्वासहाच्या सुमारास निघते, परत यायला साडेआठ होतात. जर्नलं आणि असाइनमेंट लिहूनच रात्र संपते. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला आहेत. मी सांगितलं तर ते पैशांची सोय करतील, पण कुठली तरी एकच होईल. केटीच्या बॅचचे क्लासवाले १२ हजार मागतात. कॉलेजजवळ तिघींच्या खोलीत कॉट मिळते, महिन्याला ९ हजार, जेवण वेगळं. काय करू? ज्यांनी डिप्लोमा करून डिग्री केलीय त्यांनी कृपया सांगा.

सबमिशन_झालं_का:

क्लास लाव. मे महिन्यात पेपर आहे, हातात वेळ कमी आहे. क्लासमध्ये मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून घेतात, तेच प्रश्न फिरून येतात. पास व्हायला तेवढं पुरतं. आणि उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, मुदत संपायच्या आत अर्ज कर. कुठे मार्क गेले ते डोळ्यांनी दिसेल.

गणित_शिकवते:

फोटोकॉपी मागव, हे अगदी योग्य सांगितलंय. क्लासबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी मुंबईत बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. दरवर्षी माझ्या वर्गात डिप्लोमाची मुलं असतात आणि दरवर्षी त्यांच्याबद्दल हेच "सोडा" ऐकते. मला त्याचा राग येतो. प्रॅक्टिकलला हीच मुलं सीआरओ (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून इतरांना दाखवतात की ट्रिगर कुठे असतो.

अगं, तू कच्ची नाहीस. तुझ्या गणितातून एक अख्खं वर्ष गायब आहे. बारावीहून आलेल्या मुलांनी अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस केलंय, वर एम-वन आणि एम-टू. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं पहिलं वर्ष माफ होतं, म्हणजे परीक्षा माफ होते. त्यातलं गणित एम-थ्री तुझ्याकडून वसूल करतंच. केटीच्या बॅचमध्ये एम-थ्रीच शिकवतात, आणि तुझी अडचण एम-थ्रीच्या आधी आहे. तिथे बसूनही तुला पहिली ओळ कळेल आणि तिसरी कळणार नाही.

ते गायब वर्षही सगळंच्या सगळं लागत नाही, ही त्यातली बरी गोष्ट. लाप्लास घे. इन्व्हर्स लाप्लासच्या निम्म्या गणितांत छेदात एस-वर्ग अधिक ४एस अधिक १३ असं काहीतरी येतं आणि मुलं थांबतात. त्याचं करायचं काय, तर एस अधिक २ चा वर्ग, अधिक ९. ही दहावीच्या बीजगणितातली पूर्ण वर्ग पद्धती आहे. वर्गसमीकरणं सोडवायला तू ती मराठीतून शिकली आहेस. अंशात १ असेल तर उत्तर लगेच दिसतं: ई-चा उणे २टी घात गुणिले साइन ३टी, भागिले ३. दुसरी लागते ती पार्शल फ्रॅक्शन्स, म्हणजे मोठा अपूर्णांक छोट्या अपूर्णांकांच्या बेरजेत फोडणं. ती दोन संध्याकाळी बसून हातात येतात. लाप्लासला याहून फार जास्त काही लागत नाही.

फूरियर सिरीज म्हणजे फंक्शन साइन-कॉसच्या बेरजेत मांडणं. तिचं सगळं ओझं इंटिग्रेशन बाय पार्ट्सवर आहे. तिथे एक्स-वर्ग गुणिले कॉस एनएक्स असं पद आलं की मुलं बाय पार्ट्स दोनदा लावतात आणि मधेच चिन्ह हरवतं. त्यापेक्षा डॅश-सफिक्सचा नियम शिकून घे: यू व्ही-वन, वजा यू-डॅश व्ही-टू, अधिक यू-डबलडॅश व्ही-थ्री. डॅश म्हणजे डेरिव्हेटिव्ह, आणि व्ही-वन, व्ही-टू म्हणजे व्ही-चं एकदा, दोनदा केलेलं इंटिग्रेशन. यू-चं डेरिव्हेटिव्ह शून्य होईपर्यंत चालत राहायचं. एका ओळीत गणित संपतं. साइन एनपाय शून्य आणि कॉस एनपाय म्हणजे उणे १ चा एन घात, एवढं हाताला बसलं पाहिजे, आठवावं लागता कामा नये.

कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्सला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतं आणि ते एम-वनमधलं आहे, तू अजिबात न पाहिलेलं. पण कॉशी-रीमन समीकरणांपुरतं ते फार सोपं आहे. एक्सने डिफरन्शिएट करताना वायला आकडा समजायचं, वायने करताना एक्सला. दिवसभर सराव केलास की पुरे. आणि हे टाळू नकोस, एम-फोरमध्ये कॉम्प्लेक्स इंटिग्रेशन याच्यावरच उभं आहे.

माझा सल्ला: आत्ता १२ हजारही देऊ नकोस आणि खोलीही घेऊ नकोस. आधी तीन आठवडे फक्त हे मागचं भर. कॉलेजच्या लायब्ररीत एम-वन, एम-टूची पुस्तकं असतातच. घरी ठेवायला हवी असतील तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी मिळतात, वापरून झाल्यावर परतही घेतात. मग एम-थ्रीचा एक जुना पेपर वेळ लावून सोडव. त्यानंतरही अडलीस तर क्लास लाव, तेव्हा तो अंगी लागेल.

आणि तुझ्या ब्रँचचं एक सांगायचंय, कारण ते कोणी सांगत नाही. डिप्लोमात तू एक किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून चार्जिंगचा वक्र सीआरओवर पाहिला असशील. टाइम कॉन्स्टंट एक मिलिसेकंद, तेवढ्या वेळात व्होल्टेज साधारण ६३ टक्क्यांवर जातं. त्या सर्किटचं डिफरन्शियल समीकरण लाप्लासने सोडवलंस की तोच वक्र कागदावर येतो. पुढे कंट्रोल सिस्टिम्सला हेच रोज करायचंय. वर्गातल्या बहुतेकांनी तो वक्र फक्त पुस्तकात पाहिलाय. तू तो स्वतः लावून पाहिलायस.

बदलापूर_एक्सटीसी:

मॅडम, हे वाचून खूप बरं वाटलं. पूर्ण वर्ग मला खरंच येतो, तो इथे वापरायचा असतो हे कोणी बोललंच नव्हतं. दोन शंका आहेत. एक, तीन आठवडे वेळ काढायचा कुठून? गाडीत उभ्याने गणित होत नाही, करून पाहिलंय. दुसरी, फूरियरमध्ये फंक्शन इव्हन (शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखं) असेल तर बी-एन (साइनच्या पदांचे गुणक) शून्य, मग एक्स-वर्गाला प्रत्येक वेळी बी-एन शून्य लिहायचं का? पुस्तकात एका गणितात तसं आहे आणि दुसऱ्यात नाही.

नेरळचा_दादा:

वेळेचं मी सांगतो. मीही डिप्लोमावाला, मेकॅनिकल. नेरळहून येऊन-जाऊन डिग्री केली, म्हणजे तुझ्याही पलीकडून.

संध्याकाळी साडेपाच-सहाला कुर्ल्याला उभं राहून बदलापूर किंवा कर्जत गाडीत शिरायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. घरी पोहोचल्यावर दोन तास अंगात काही उरत नाही. तुझी रात्र जर्नलं खातात असं तुला वाटतंय, पण खरी खातो ती ही गर्दी. मी शेवटच्या लेक्चरनंतर निघणं बंद केलं. कॉलेजच्या रीडिंग हॉलमध्ये आठपर्यंत बसायचो, गर्दी ओसरली की निघायचो. घरी उशिरा पोहोचायचो, पण दोन-अडीच तास टेबल-खुर्चीवर गणित झालेलं असायचं आणि गाडीत निदान टेकायला जागा मिळायची. रोज नको करू, घरचे काळजी करतील. आठवड्यातले तीन वार ठरव, घरी आधी सांग, आणि बदलापूर लाइनची एखादी मैत्रीण सोबत असेल तर उत्तम. लेडीज डब्यात रात्रीच्या वेळी पोलीस असतो, त्याच डब्यात बस.

काही जण बसायला मिळावं म्हणून उलटे सीएसएमटीला जाऊन तिथून गाडी पकडतात. तुझा पास कुर्ल्यावरून वळतो, तो सीएसएमटीपर्यंत चालत नाही. कन्सेशनचा पास असताना दंड भरायची वेळ आणू नकोस.

सकाळची गाडी मात्र तुझी जमेची बाजू आहे. बदलापूरहून सुटणारी लोकल धरलीस तर बसायला मिळतं. तिथे गणित सोडवू नकोस, फॉर्म्युले पाठ कर. मी एका छोट्या वहीत डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर लिहायचो, उजवं पान झाकायचं आणि म्हणायचं. लाप्लासचा अख्खा तक्ता मी बदलापूर ते ठाणे या टप्प्यात पाठ केलाय. रविवारी मेगाब्लॉक असतोच, त्या दिवशी लायब्ररीच्या नादाने बाहेर पडू नकोस, घरीच बस.

जर्नलांचं एकच. ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत रीडिंग्ज आणि ग्राफ पुरे करून टाक. साठवलंस तर सबमिशनच्या आठवड्यात एम-थ्री पुन्हा बाजूला पडेल. थर्ड इयरच्या शेवटी नोकरी द्यायला कंपन्या यायला लागतात आणि बऱ्याच कंपन्यांची अट असते की चालू केटी नको. त्याआधी हे निघायला हवं, तुझ्याकडे तेवढा वेळ आहे.

गणित_शिकवते:

नेरळच्या दादांनी वेळेचं चोख सांगितलं. आता तुझी दुसरी शंका. ती फार चांगली आहे, आणि उत्तरपत्रिकांमध्ये याच एका जागी मी सर्वांत जास्त मार्क जाताना पाहते.

इव्हन आहे की नाही हे नुसत्या सूत्रावरून ठरत नाही, इंटरव्हल बघावा लागतो. एक्स-वर्ग हा उणे पाय ते पाय मध्ये दिला असेल तर शून्याच्या दोन्ही बाजू आरशासारख्या आहेत. तिथे बी-एन शून्य. स्थिर पद पायवर्ग भागिले ३, आणि ए-एन (कॉसच्या पदांचे गुणक) म्हणजे ४ गुणिले उणे १ चा एन घात, भागिले एन-वर्ग. त्यात एक्स बरोबर पाय ठेवलंस की १ अधिक १ भागिले ४ अधिक १ भागिले ९ अशी जाणारी मालिका पायवर्ग भागिले ६ येते. एक्स बरोबर शून्य ठेवलंस तर आलटून-पालटून चिन्हांची मालिका, पायवर्ग भागिले १२. "हेन्स डिड्यूस" म्हणून पुढे जे विचारतात ते हेच.

तोच एक्स-वर्ग शून्य ते दोन पाय मध्ये दिला की गोष्ट बदलते. आलेख काढ. शून्यापासून चढत चार पायवर्गापर्यंत जातो, एकदम खाली पडतो आणि पुन्हा चढतो. शून्याच्या डावीकडचा तुकडा उजवीकडच्यासारखा राहिलाच नाही. म्हणून इथे बी-एन काढावाच लागतो. तू काढ आणि मला उत्तर सांग. प्रत्येक गणिताआधी असा दोन-तीन पिरियडचा आलेख काढायची सवय लाव, अर्धा मिनिट जातो आणि इव्हन-ऑडचा गोंधळ राहत नाही.

बदलापूर_एक्सटीसी:

काल कॉलेजात आठपर्यंत थांबले, आईला सांगून. बी-एन उणे ४पाय भागिले एन आलं, ए-एन ४ भागिले एन-वर्ग, स्थिर पद ४ पायवर्ग भागिले ३. बरोबर आहे का? आणि एक्स बरोबर शून्य ठेवलं तर डावी बाजू शून्य आणि उजवीकडे सगळी पदं धन येतात. हे कसं शक्य आहे?

गणित_शिकवते:

तिन्ही उत्तरं बरोबर. आणि शून्यापाशी तू थांबलीस, तिथे थांबायलाच हवं. त्या बिंदूवर फंक्शन उडी मारतं. अशा ठिकाणी फूरियर सिरीज दोन्ही बाजूंच्या किमतींची सरासरी देते. डावीकडून चार पायवर्ग, उजवीकडून शून्य, सरासरी दोन पायवर्ग. डाव्या बाजूला शून्याऐवजी ते लिही आणि सोडव, पायवर्ग भागिले ६ इथूनही निघेल. निघालं की हाफ रेंज (अर्ध्या इंटरव्हलवरची फूरियर सिरीज) घे. शुक्रवारपर्यंत ती झाली तर पुढच्या आठवड्यात कॉशी-रीमन सुरू करू. अडलीस की इथेच लिही, तुझ्यासारख्या आणखी कितीतरी मुली हे वाचत असतील.