रे: रे: घर आता घ्यावं की थांबावं? (फ्रिस्को)

नमस्कार मंडळी, टेक्सासातल्या फ्रिस्कोत नवीन घर बुक केलंय, बिल्डर म्हणतो फ्रेमिंगला (लाकडी सांगाडा उभारायला) माणसं नाहीत, ताबा दोन महिने पुढे गेला. ऑफिसात एकजण म्हणतो सरकारने बेकायदा आलेले लोक देशाबाहेर काढले की मागणी घटेल, भाव पडतील, थांब. काका, तुम्ही बांधकामाच्याच लाइनीत ना, खरंय का हे?

---

अरे अर्धंच खरंय. माणसं गेली की स्वस्तातली अपार्टमेंट्स रिकामी होतील, भाडं थोडं उतरेल, पण तू घेतोयस ते चार बेडरूमचं घर ती माणसं घेणार नव्हतीच, बांधणार मात्र तीच होती. अमेरिकेत बांधकामातला साधारण दर चौथा माणूस देशाबाहेर जन्मलेला, टेक्सासात दहातले चार, आणि ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्सम बोर्ड), रूफिंगमध्ये विचारूच नकोस. इमिग्रेशनवाल्यांची धाड पडायलाही लागत नाही, नुसती अफवा आली तरी दुसऱ्या दिवशी साइटवर शुकशुकाट, कागदपत्रं असलेलेसुद्धा घरी बसतात.

आणि इथल्यांना काम मिळेल म्हणावं तर फ्रेमच उभी नाही, इलेक्ट्रिशियन वायर ओढणार कशातून? २००८ नंतर सिक्युअर कम्युनिटीज, म्हणजे अटक झालेल्यांचे बोटांचे ठसे इमिग्रेशनकडे तपासायची सरकारी योजना, एकेका काउंटीत लागू होत गेली, त्यावर अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केलाय, घरं कमी बांधली गेली, भाव वाढले आणि इथे जन्मलेल्या कामगारांचीही कामं घटली.

त्यात मटेरियल. कॅनडाच्या लाकडावर ऑगस्ट २०२५ मध्ये आयात ड्युटी साधारण ३५ टक्क्यांवर गेली, ऑक्टोबरात वर आणखी १०, आयात स्टील-ॲल्युमिनियमवर बहुतेक देशांसाठी जून २०२५ मध्ये ५० झाली. हल्ली कोटेशन देतानाच हात थरथरतो.

---

काका एक शंका, मग आमच्या ऑस्टिनला भाडी उतरली ती कशी? माणसं तर इथेही कमीच आहेत की.

---

ताई, ती २०२१-२२ ची पुण्याई! जानेवारी २०२१ मध्ये होमलोन २.६५ टक्क्यांवर होतं, पैसा स्वस्त म्हणून सगळ्यांनी एकदम कामं काढली, ती सगळी एकदम तयार झाली. आज जे घर सुरूच झालं नाही त्याची उणीव दोन-तीन वर्षांनी कळणार. महागाईच्या आकड्यातही तसंच, सीपीआयमध्ये (ग्राहक किंमत निर्देशांकात) घराच्या खर्चाचा वाटा साधारण एक तृतीयांश, पण एकेका घराचं भाडं सहा-सहा महिन्यांनी विचारतात, त्यामुळे आकडा कायम मागून चालत येतो.

फ्रिस्कोकर, घे किंवा थांब असं काही मी म्हणत नाही, सध्या व्याजच इतकं आहे की बिल्डरच सवलती देतायत, रेट बायडाउन माग, म्हणजे बिल्डर पैसे भरून तुझा व्याजदर कमी करून देतो. पण आधी कॉन्ट्रॅक्टमध्ये एस्कलेशनचा (खर्च वाढला तर किंमत वाढवायचा) क्लॉज आहे का बघ, असेल तर लाकूड महागलं की बिल तुझ्याच नावावर. ते पान मला पाठव, लिस्टवर नको.