कॉलेजच्या आवारात डिस्क गोल्फ : ठेवावा की काढावा?

सागर_खारघर (धागाकर्ता)
आमच्या खारघरच्या कॉलेजात नऊ बास्केटचा छोटा डिस्क गोल्फ कोर्स तात्पुरता लावलाय. तो कायमचा करायचा का, यावर विद्यार्थी, शिक्षक आणि सकाळी फिरायला येणारे रहिवासी, सगळ्यांची मतं मागवली आहेत. माझं मत, ठेवा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : चेंडूऐवजी चकती, खड्ड्याऐवजी खांबावरची साखळ्यांची बास्केट. चकती पडेल तिथून पुढची फेक, कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची. साखळ्या शोभेच्या नाहीत, चकतीचा वेग त्या मारतात आणि ती खालच्या जाळीत पडते. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमचा कोर्स झाला तेव्हा नुसते खांब होते. ही बास्केट एड हेड्रिक यांनी नंतर आणली. आपल्याकडची सगळ्यात लांबची बास्केटही ७० मीटरवर आहे, एका पटरवर, म्हणजे जवळच्या फेकीच्या चकतीवर, अख्खा कोर्स होतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची चकती, घेऊन शायनिंग मारणाऱ्या नवख्यांची चकती तशीही झुडपातच जाते, कारण तिला लागणारा वेग त्यांच्या हातात नसतो.

सिडकोच्या गोल्फ कोर्सवर आपल्यापैकी किती जण खेळणार आहेत? इथे फुकट आहे.

पामबीच_पायी
विरोध. पावणेदोनशे ग्रॅमपर्यंतची कडक प्लास्टिकची चकती आहे ती, पत्रावळ नाही. चौथी बास्केट लायब्ररीमागच्या रस्त्याला चिकटून आहे. गेल्या रविवारी कॅन्टीनकडे निघालेल्या एका मुलीच्या कानाजवळून चकती गेली. फेकणारा 'फोर!' ओरडला, म्हणजे गोल्फवाल्यांचं 'सांभाळा!'. इथे 'फोर' ऐकून लोक बाजूला होत नाहीत हो, चौकार कुठे गेला ते बघायला मान वर करतात.

सागर_खारघर
चौथीबद्दल मान्य. उजव्या हाताने बॅकहँड मारली की वेग संपता संपता चकती डावीकडे झुकते, आणि रस्ता नेमका डावीकडे. टी, म्हणजे पहिली फेक करायची जागा, पलीकडे नेऊन दिशा फिरवली की रस्ता उजव्या हाताला येईल. शिवाय माणूस दिसला की थांबायचं, हा तर खेळातला पहिला शिष्टाचार.

डावरा_गडी
मी डावखुरा आहे. माझी उजवीकडे झुकते. मग?

मैदान_वाचवा
ते सोडा. दोन बास्केट आमच्या आउटफिल्डमध्ये रोवल्यात. संध्याकाळी त्या एका मैदानात टेनिस बॉलच्या तीन मॅच चालतात, एकाचा लाँगऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. त्यात हे खांब. कॅच घेताना कुणाची बरगडी मोडली की कुणाला विचारायचं? चार जणांच्या हौसेसाठी साठ पोरांना का हलवताय?

हॉस्टेलची_ताई
साठ पोरांनाच ना? बरोबर बोललात. त्या मैदानावर आम्हा मुलींना कधी पाळी मिळालीय? इथे अकरा जणी जमवाव्या लागत नाहीत, दोघी गेलो तरी खेळ होतो. आमच्यातल्या एकीनं शाळा सुटल्यापासून कुठलाच खेळ खेळला नव्हता. परवा तिची चकती वरच्या पट्टीला लागून उलटी आली, मग पुन्हा फेकल्यावर साखळ्या खणखणल्या. तिथून तिला हलवणं मुश्कील झालं, मेस बंद व्हायची वेळ आली तरी.

खांब आउटफिल्डमधून हलवा, त्याला ना नाही. पण सरसकट 'काढा' नको.

माळ्याचा_पुतण्या
खेळाला विरोध नाही. पण सहावी बास्केट गुलमोहराच्या मागे का? येणारा प्रत्येक जण झाडालाच मारतो, खोडाची साल एका बाजूने निघालीय. आणि जूनपासून डोंगराकडच्या बाजूला गवत गुडघ्याला लागतं. त्यात तुमची ती हिरवी चकती. शोधायला हात घालाल आणि घोणस निघेल. जून ते सप्टेंबर मागच्या तीन बास्केट बंद ठेवा, नाहीतर गवत कापायला माणूस द्या. काका एकटे आहेत.

सागर_खारघर
+१. बास्केट सुट्या पायाच्या आहेत, पावसाळ्यात उचलून ठेवू. हिरव्या चकत्याही बाद, भगव्या नाहीतर गुलाबी आणू.

पामबीच_पायी
चौथी पूर्ण काढा, फिरवाफिरवी नको. सकाळी नऊच्या आत खेळ नको, तेव्हा ज्येष्ठ मंडळी फिरतात. एवढं लेखी द्या, बाकीच्यांना माझी हरकत नाही. डावखुऱ्यांनी पाचवीवरून फेकून बघावं आणि इथे सांगावं.

डावरा_गडी
बघितलं. उजवीकडे प्राचार्यांची गाडी लागते.